पिंड, कावळा आणि आपण



सासूबाई गेल्या, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं, आणि शेजारच्या वहिनींनी मला विचारलं, "दहावं घाटावर करणार की घरीच?" मी म्हटलं, "आमच्यात दहावं नसतं." त्या जरा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग त्यांना पुढे पोचवणार कोण?"

त्यात टोमणा नव्हता, काळजी होती. पण मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर जमेल तसं वाचत गेले. ते आज तुमच्यासमोर मांडते.

आधी वहिनींची बाजू समजून घेऊ. हिंदू घरात अंत्येष्टी हा सोळा संस्कारांतला शेवटचा संस्कार. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अग्नीला आणि यमाला उद्देशून सूक्तं आहेत, म्हणजे ही परंपरा फार जुनी. तिच्यातली समजूत अशी, की देह जळला तरी जीव लगेच पितरांमध्ये जात नाही. तो काही काळ प्रेत म्हणून राहतो, त्याला शरीर नसतं. म्हणून दहा दिवस पिंड द्यायचे. गरुडपुराणात सांगितलंय, की पहिल्या दिवसाच्या पिंडाने डोकं तयार होतं, असं करत दहाव्या दिवशी त्या नव्या देहाला भूक-तहान लागते. मडकं फोडलेला खडा, ज्याला जीवखडा म्हणतात, तो दहा दिवस सांभाळतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर काही इच्छा राहिली का म्हणून घरातली माणसं हात जोडून कबुली देतात. बाराव्याला सपिंडीकरण झालं, की तो जीव वडील, आजोबा, पणजोबांच्या पंक्तीत जाऊन बसतो. गेलेल्याला वाटेत एकटं सोडायचं नाही, ही त्यामागची माया आहे. ती हसण्यासारखी मुळीच नाही.

आता आपलं. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी सांगितलंय, की एक देह सुटल्यावर दुसरा मिळेपर्यंत जीव फार तर तीन समय आहाराविना असतो. आणि समय म्हणजे केवढा? पापणी लवते तेवढ्यात असंख्य समय होऊन जातात. म्हणजे आपण रडत असतो, तेवढ्यात त्या जीवाचा पुढचा जन्म सुरूही झालेला असतो. पिंड द्यायचा तरी कुणाला? शिवाय कर्म ज्याचं त्यानेच भोगायचं. मी कॉमर्सची, म्हणून माझ्या भाषेत सांगते: एकाच्या खात्यातली जमा दुसऱ्याच्या खात्यात वर्ग करायची सोय आपल्या धर्मात नाही.

आपल्या आचार्यांनी शेजारच्या चालीरीती घेतल्याच नाहीत असं मात्र नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, जिनसेनाचार्यांनी आदिपुराणात गर्भाधानापासून निर्वाणापर्यंत त्रेपन्न क्रिया सांगितल्या. नामकरण, मुंज, लग्न, सगळं त्यात आहे. श्राद्ध तेवढं नाही.

यशोधर राजाची कथा तुम्ही प्रवचनात ऐकली असेल. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पुऱ्या केलेल्या यशस्तिलकात ती आहे, इतरही अनेक जैन कवींनी ती सांगितली. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्याच्या पापाने राजा आणि त्याची आई प्राण्यांच्या जन्मात फिरतात. एका जन्मी राजा मासा होतो, आणि त्याचाच मुलगा बापाच्या कल्याणासाठी जेवण घालतो, तेव्हा तोच मासा शिजवला जातो. मुलाची भक्ती खरी होती, पण आपण काय करतोय याचा त्याला पत्ता नव्हता.

मग आपल्याकडे मेलेल्यासाठी काहीच नाही का? आपल्याकडे भर आहे तो मरणाऱ्याने स्वतः केलेल्या तयारीवर. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर साधारण इ. स. ६०० पासूनचे सल्लेखनेचे शिलालेख आहेत, त्यांत बायकांचेही आहेत. मला सगळ्यांत जवळची वाटते ती माचिकब्बे. होयसळ राणी शांतलादेवीची ही आई. नवरा शैव, ही पक्की जैन, दोघांचा संसार एका घरात. ११३१ मध्ये शांतला शिवगंगेला वारली. त्यानंतर माचिकब्बेने बेळगोळला येऊन व्रत घेतलं आणि महिनाभराच्या उपवासाने देह ठेवला. शिलालेखात तिची आठवण राहिली ती तिच्या स्वतःच्या व्रतामुळे.

आता खरं बोलायचं ते. पिंड आपण घेतला नाही, पण पुढच्या काळात आपल्या काही आचारग्रंथांतही आजूबाजूचे विधी शिरले, आणि घराघरांत तर बरंच काही शिरलं. माझे दीर गेले तेव्हा आमच्या घरात पिंड नव्हता, कावळा नव्हता. पण जाऊबाईंच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. त्यांचा हात मी धरला होता. काच मनगटाला लागली, रक्त आलं, आणि मी म्हटलं, "एवढं सोसा, रीत आहे." ज्या घरात जीव गेल्यावर त्याच्यासाठी काही करता येत नाही असं आपण मानतो, त्या घरात मागे राहिलेल्या बाईला मात्र एवढं सगळं करता येत होतं. त्या दिवशी ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नाही.

मे २०२२ मध्ये आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ते वाचून मी जाऊबाईंना फोन केला आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुमचा काय दोष?" दोष होता. इतक्या साध्या गोष्टीसाठी मी ग्रामसभेच्या ठरावाची वाट पाहिली.

सुतक आपण पाळतो, पूजा आणि मुनींचं आहारदान थांबवतो, ते पाळू. णमोकार मंत्र कानावर पडत राहो, एवढं शेवटच्या घडीला करू. मी घरात सांगून ठेवलंय: ह्यांच्या आधी मी गेले तर प्रश्नच नाही, पण हे आधी गेले तर माझ्या हाताला कुणी हात लावायचा नाही. बांगड्या ठेवायच्या की काढायच्या, ते माझं मी बघेन.

आणि वहिनींना आता उत्तर देता येतं. पोचवणारं कुणी लागत नाही, सासूबाई केव्हाच पोचल्या. सांभाळायचं असतं ते मागे राहिलेल्यांना.

जय जिनेंद्र.