आई-वडिलांच्या पश्चात कोण?

मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी मे २०१५ मध्ये आपला मुलगा हरीश याच्यासाठी 'वर पाहिजे' अशी जाहिरात दिली. काही वृत्तपत्रांनी ती नाकारली, 'मिड-डे'ने छापली. जातीची अट नाही, तरी अय्यर असल्यास प्राधान्य, असे तीत म्हटले होते. त्यावरून टीका झाली आणि ते गमतीने लिहिले होते, असा खुलासाही आला. गंमत सोडली, तरी समलिंगी मुलाच्या लग्नाची काळजी ही आई इतर चारजणींसारखीच करीत होती.

आजी-आजोबांच्या पिढीला असे कोणी घरात असते हे ठाऊक नव्हते, असे नाही. त्यासाठी बरे नाव नव्हते. होते ते शिवीचे. 'लग्न झाले की सुधारेल' हा घरोघरीचा उपाय होता आणि अनेक घरांत तो आजही आहे. त्याची किंमत घरात आलेल्या सुनेने मोजली. तिची बाजू या चर्चेत क्वचितच ऐकू येते.

पुढच्या पिढीतील काही पालक मात्र थेट न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्याविरुद्धच्या अपिलात या निकालाच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत समलिंगी व्यक्तींचे आई-वडीलही होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला; ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधील ती तरतूद अखेर रद्दबातल ठरली. २०२३ मध्ये विवाहाच्या हक्काची सुनावणी सुरू असताना 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' या गटातील चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. आमच्यापैकी काहीजण लवकरच ऐंशीचे होतील, हयातीत मुलांच्या नात्यावर कायद्याची मोहोर दिसावी, असा त्याचा आशय होता. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती मोहोर मिळाली नाही.

या पालकांच्या वयाचा प्रश्न केवळ भावनेचा नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार अविवाहित, निपुत्रिक पुरुष मृत्युपत्राविना वारला, तर मालमत्ता प्रथम आईकडे जाते. ती नसल्यास वडिलांकडे, मग भावंडांकडे आणि त्यांच्यानंतर पुतणे-भाच्यांकडे. वीस वर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराचे नाव या यादीत कोठेही नाही. म्हणजे आई-वडिलांनी नाते मनापासून स्वीकारले, तरी त्यांच्या पश्चात निर्णय भावाच्या, कदाचित वहिनीच्या मर्जीवर येतो.

केंद्राने २०२४ मध्ये काही सवलती दिल्या. संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी नेमण्यास आडकाठी नाही, हे स्पष्ट केले. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, असे राज्यांना कळवले. पार्थिव ताब्यात घेण्याविषयीही आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवले, पण ते जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील त्या वेळेपुरते! नॉमिनी हाही बहुधा विश्वस्तच असतो, मालक नव्हे. अनेकांचा येथे गैरसमज होतो.

तृतीयपंथीयांनी घर सुटल्यावर नात्यांची दुसरी उतरंड केव्हाच उभारली: गुरू, चेला, गुरुभाई, नानगुरू. म्हातारपणी गुरूची काळजी चेल्याने घ्यायची, ही तिची रीत. २०१९ च्या कायद्याने मात्र तृतीयपंथी मुलाचे घर म्हणजे जन्माचे कुटुंब किंवा न्यायालयाने नेमलेले पुनर्वसन केंद्र, एवढेच ओळखले.

जन्माचे घर नेहमीच आसरा असते असेही नाही. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ मध्ये आलेल्या प्रकरणातील दोन तरुणी घरच्यांच्याच भीतीने मदुराईहून चेन्नईला पळाल्या होत्या. न्यायाधीशांनी पालकांना समुपदेशनासाठी पाठवले आणि हा विषय समजून घेण्यासाठी स्वतःही समुपदेशकाकडे गेले. लैंगिकता 'बदलण्याच्या' उपचारांवर त्यांनी बंदीही घातली. याच न्यायालयाने मे २०२५ मध्ये, विवाह हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे, असे म्हणत 'निवडलेल्या कुटुंबा'ची संकल्पना मान्य केली. वारसाहक्काचा क्रम त्याने बदललेला नाही.

तोवर मृत्युपत्र हाच खात्रीचा मार्ग. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. त्यांतली एक सही भावाची किंवा बहिणीची मिळाली, तर पुढे वाद घालणे घरच्यांनाच जड जाते.