पडद्यावरचा रंग कागदावर का उतरत नाही? रंगांच्या कराराचा इतिहास

आजची गोष्ट एका फोटोपासून सुरू करतो.

आजी गेली, तेव्हा तिचा फोटो भिंतीवर लावायला म्हणून घरच्याच इंकजेट प्रिंटरवर छापायला घेतला. पडद्यावर तिचा सावळा चेहरा, अंजिरी साडी, सगळं जिथल्या तिथे होतं. कागद बाहेर आला तर चेहरा लालगुलाबी आणि साडी भडक. शाई बदलली, महागडा कागद आणला, फरक काहीच नाही. आई एवढंच म्हणाली, "ही आपली आजी वाटत नाही रे."

दोष शाईत नव्हता, कागदातही नव्हता. तो कुठे होता हे कळायला जरा मागे जावं लागेल.

१८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. एकावर एक ठसे चढत, तेव्हा कुठे लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर पुरी होई. रंग जुळला की नाही, हे ठरवायचा कारागिराचा डोळा. मूळ चित्र शेजारी ठेवायचं, बघायचं, शाई सुधारायची. एका छपराखाली हे जमतं. पण परगावच्या माणसाला पत्रातून 'अंजिरी' कसा कळवणार? तुमचा अंजिरी वेगळा, माझा वेगळा.

म्हणून रंगाला आकडा हवा होता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. समोर एक रंग दाखवायचा आणि लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून तो जुळवायला सांगायचं. राइट यांच्याकडे १० माणसं होती, गिल्ड यांच्याकडे ७. या १७ जणांच्या डोळ्यांवरून १९३१ साली 'सीआयई' या आंतरराष्ट्रीय संस्थेने माणसाला दिसणाऱ्या रंगांचं मोजमाप ठरवलं. आजच्या रंगव्यवस्थापनाचा पाया तोच आहे.

आता प्रिंटरकडे येऊ. १९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने शाईचे थेंब उडवता येतात, ही कल्पना तिथून आली. १९८४ साली एचपीचा थिंकजेट बाजारात आला, १९९४ साली एप्सनचा स्टायलस कलर, आणि घरच्या टेबलावर रंगीत फोटो छापणं शक्य झालं.

भांडण इथेच सुरू झालं. पडदा लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळतो, तर प्रिंटर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई. शिवाय 'लाल २००' हा आकडा एका पडद्यावर एक रंग दाखवतो, दुसऱ्यावर दुसरा. प्रत्येक यंत्राची बोली निराळी.

१९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी 'आयसीसी' ही संस्था स्थापन केली. करार साधा होता. प्रत्येक यंत्रासोबत एक 'प्रोफाइल' असेल. प्रोफाइल म्हणजे दुभाषा. तो यंत्राचा आकडा सीआयईच्या मोजमापात सांगणार आणि पुढच्या यंत्राचा दुभाषा तिथून आपल्या बोलीत आणणार. मग १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी साध्या पडद्यांसाठी 'एसआरजीबी' सुचवलं. ॲडोबी आरजीबी (१९९८) ची कथा तर गमतीची आहे. दूरचित्रवाणीच्या एका मानकातले आकडे उतरवताना गफलत झाली, पण छपाईवाल्यांना तो रंगविस्तार सोयीचा वाटला, म्हणून नाव बदलून तोच कायम ठेवला गेला.

आता आमच्या आजीचा फोटो का बिघडला ते सांगतो. फोटोच्या सॉफ्टवेअरने रंग कागदाच्या प्रोफाइलनुसार बदलून पाठवले होते. प्रिंटरच्या ड्रायव्हरला ते ठाऊक नव्हतं, त्याने ते पुन्हा बदलले. मराठीतून हिंदीत आणलेलं वाक्य कुणी मराठीच समजून परत हिंदीत आणायला बसावं, तसं झालं.

तुमच्याकडे असं होत असेल तर या क्रमाने तपासा. आधी नोझल चेक छापा. एखाद्या रंगाची रेघ तुटलेली असेल, तर बाकी सगळं नंतर. मग ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडला आहे का, ते बघा. त्यावरच किती शाई सोडायची ते ठरतं. मग रंगांचा कारभार एकाकडेच द्या. सॉफ्टवेअरकडे दिला तर ड्रायव्हरमधलं रंगव्यवस्थापन बंद, आणि प्रोफाइल त्याच प्रिंटरचं, त्याच कागदाचं. छापील फोटो लालसर असेल तर दुहेरी भाषांतराचा संशय घ्या. फिका, मरगळलेला असेल तर ॲडोबी आरजीबीतली फाइल कुणी एसआरजीबी समजून वाचली आहे का, ते पाहा. नुसताच काळपट असेल तर बहुधा पडदा फार उजळ ठेवलेला असतो. आणि निकाल द्यायच्या आधी शाई वाळू द्या, फोटो दिवसाच्या उजेडात बघा.

एवढं करूनही पडदा आणि कागद अगदी तंतोतंत जुळणार नाहीत. पडद्याचा उजेड शाईत येत नाही. पण माणूस ओळखू येण्याइतका रंग नक्की येतो.

आम्ही ड्रायव्हरमधली ती एक खूण काढली आणि पुन्हा छापलं. आईने कागद खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "फ्रेम कधी आणतोस?"

भेटू पुढच्या भागात.