दगडाचे बुरूज आणि कायद्याचे बुरूज

इंग्लंडच्या इतिहासात एक उपमा वारंवार आढळते: कायदा हा प्रजेच्या स्वातंत्र्याचा बुरूज होय. १६७९ च्या 'हेबिअस कॉर्पस' कायद्यास ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने याच शब्दाने गौरविले आहे. बंदिवानास न्यायाधीशापुढे आणून त्याच्या कैदेचे कारण दाखवावे, एवढाच त्याचा मथितार्थ. दगडी बुरूज राजाचे रक्षण करतो. हा बुरूज राजसत्तेपासून प्रजेचे रक्षण करतो.

या उपमेची कसोटी अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात लागली. १५९६ साली शहाजादा मुरादच्या सुरुंगाने त्याचा तट फुटला, तेव्हा चांदबिबी स्वतः भगदाडापाशी उभी राहिली व रातोरात तिने ते बुजवून घेतले. मोगलांना वऱ्हाड घेऊन तह करावा लागला. परंतु १६०० साली तिच्याच लोकांनी तिचा वध केला आणि किल्ला पडला. तटातील भगदाड बुजविता येते. माणसांतील बुजविता येत नाही.

पुढे १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये 'हेबिअस कॉर्पस'चा अभिमान मिरविणाऱ्या राष्ट्राने नेहरू, आझाद, पटेल, शंकरराव देव प्रभृतींना त्याच तटाआड कोंडले. ना आरोप, ना खटला! नेहरूंचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथेच लिहिला गेला.

तथापि न्याय अगदीच निद्रिस्त नव्हता. एप्रिल १९४३ मध्ये केशव तळपदे यांच्या प्रकरणी सर मॉरिस ग्वायर यांच्या फेडरल कोर्टाने भारतसंरक्षण नियमांतील स्थानबद्धतेचा २६ वा नियमच अवैध ठरविला. सरकारच्या तटाला भगदाड पडले. पण वटहुकूम काढून ते लगोलग बुजविण्यात आले. चांदबिबीने भगदाड बुजविले ते आतल्यांच्या रक्षणासाठी. सरकारने बुजविले ते आतल्यांना बाहेर पडता येऊ नये म्हणून.

परक्या सत्तेचा हा दोष, असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. १९७६ साली, आणीबाणीत, स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद ठेवले. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध मत देऊन उभे राहिले. कायद्याचा बुरूज एकदा बांधून कायमचा होत नाही. तो फुटेल त्या क्षणी भगदाडात उभे राहणारे कोणी असावे लागते, आणि त्याच्या पाठीशी आतली माणसेही असावी लागतात.