पाकिटाचा माग

पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेच्या वाटेवर होते. भेलसे, म्हणजे आजचे विदिशा, येथील मुक्कामी २४ जानेवारीस एका सावकारी पत्रातल्या सांकेतिक मजकुरावरून त्यांना त्या अनर्थाची कल्पना आली, असे इतिहासकार सांगतात. मध्ये दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत निरोप कोणत्या गावी थांबला, कोणत्या उतारावर खोळंबला, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, हे पेशव्यांसारख्या सत्ताधीशालाही कळण्याची सोय नव्हती. पत्र आले तर आले. न आले तर वाट पाहावयाची. जासूद वाटेत मेला, की पकडला गेला, की नुसताच उशीर झाला, हे सांगणार कोण?

दळणवळणाच्या इतिहासात वेगाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. मला स्वतःला त्याहून मोठा वाटतो तो हा दुसरा प्रश्न : निरोप अडला तर कोठे अडला?

या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर तारायंत्राने दिले. आपल्या देशात तारेची सेवा १८५५ साली लोकांसाठी खुली झाली. पुढे विलायतेशी तार जोडली गेली, पण ती इराण-तुर्कस्तानातून जाई. वाटेतल्या अनेक कारकुनांच्या हातून जाताना मजकुराचे पार धिंडवडे निघत. मग १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन समुद्राच्या तळाशी तार टाकली, आणि तेथून ती सुवेझपर्यंत गेली. ही तार तुटली म्हणजे किनाऱ्यावरचा तज्ज्ञ तीत विजेचा प्रवाह सोडी आणि किती विरोध होतो ते मोजी. एका मैलाच्या तारेचा विरोध किती, हे आधीच ठाऊक असे. साधा त्रैराशिकाचा हिशेब! तेवढ्यावरून दोष किनाऱ्यापासून किती मैलांवर आहे ते निघे, आणि दुरुस्तीचे जहाज नेमके तेथे जाऊन आकड्याने तार वर ओढी. सहावी-सातवीच्या मुलांना त्रैराशिक कशाला शिकावयाचे असा प्रश्न पडतो, तेव्हा मी त्यांना ही हकीकत सांगतो.

परंतु तार एकच होती, म्हणून हे जमले. आजच्या संगणकांच्या जाळ्यात निरोप एका तारेने जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून तो वेगळा सोडतात. डोनाल्ड डेव्हिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव सुचविले. आपण त्याला खुशाल पाकीट म्हणावे. वाटेत नाकी असतात, त्यांना राउटर म्हणतात. गंमत अशी की, कोणत्याही नाक्याला संपूर्ण रस्ता ठाऊक नसतो. पत्ता पाहून ‘पुढच्या नाक्यावर जा’ एवढेच तो सांगतो. दिवाळीच्या फराळाचा डबा शेजारच्या मुलाने पुढच्या बिऱ्हाडी द्यावा, तेथून तो आणखी पुढे जावा, तसा हा कारभार.

मग एखाद्या नाक्याने चुकीची दिशा दाखवली तर? दोन नाकी एकमेकांकडे बोट दाखवू लागली, तर पाकीट जन्मभर त्यांच्यामध्येच येरझारा घालील. अशा भटक्या पाकिटांनी जाळे तुंबून जाऊ नये म्हणून १९८१ च्या नियमांत एक तोड काढलेली आहे. प्रत्येक पाकिटाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहिलेले असते, जास्तीत जास्त २५५. प्रत्येक नाक्यावर त्यातला एक आकडा कमी होतो. शून्य झाले की ते नाके पाकीट टाकून देते आणि पाठविणाऱ्याला चिठ्ठी धाडते : ‘तुमचे पाकीट माझ्या दारी संपले.’

१९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील माइक म्यूस याने ‘पिंग’ नावाची युक्ती रचली होती. दूरच्या यंत्राला हाक मारावयाची आणि ‘ओ’ येते का, किती वेळाने येते, ते पाहावयाचे. पण हाकेला ओ आली नाही, तर दोष वाटेत कोठे आहे ते तिला सांगता येत नसे. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील बर्कले येथे असा प्रकार घडला की, अवघ्या ४०० यार्डांवरच्या दोन संस्थांमधील वाहतूक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आली! त्या कोंडीचा अभ्यास करून तिच्यावर उपाय शोधणाऱ्यांत व्हॅन जेकबसन हा शास्त्रज्ञ अग्रणी होता. त्यानेच १९८८ साली, स्टीव्ह डिअरिंगच्या एका सूचनेवरून, ‘ट्रेसराउट’ हे साधन लिहिले.

युक्ती अगदी साधी. आयुष्य १ असलेले पाकीट मुद्दाम पाठवावयाचे. ते पहिल्याच नाक्यावर संपते आणि त्या नाक्याची चिठ्ठी येते. मग आयुष्य २, मग ३, मग ४. प्रत्येक अल्पायुषी पाकीट आपण कोठे संपलो ते कळविते, आणि त्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्या की सारा रस्ता डोळ्यांपुढे उभा राहतो.

मी नेरुळला राहतो. २०२० साली शाळा बंद होत्या आणि मी घरातून शिकवीत असे. रोज अकराच्या सुमारास मुलांचे चेहरे पडद्यावर थिजून जात. वर्गातल्या कित्येकांच्या घरी एकच फोन, तोही वडील कामावर जाईपर्यंत हाती असलेला. त्यांचा बुडालेला तास पुन्हा भरून येणारा नव्हता. जोडणी देणाऱ्या कंपनीचा माणूस एकच सांगे, ‘गुरुजी, दोष तुमच्या घरातच आहे.’ महाप्याला नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवरून मला ट्रेसराउट चालवावयास सांगितले. पहिले नाके, म्हणजे घरातलीच पेटी, दोन मिलिसेकंदांत उत्तर देत होती. तिसरे ठीक. पाचव्यापासून पुढे मात्र प्रत्येक ठिकाणी तीनशेच्या वर! मध्ये एका ओळीत नुसत्या चांदण्या होत्या, त्या पाहून मी घाबरलो.

तो म्हणाला, ‘सर, चांदण्यांकडे पाहू नका. काही नाकी चिठ्ठी लिहीतच नाहीत, पण पाकीट पुढे सोडतात. एकाच ओळीत उशीर दिसला तरी भिऊ नका. उशीर जेथे सुरू होतो आणि शेवटपर्यंत टिकतो, तेथे संशय घ्यायचा. परतीचा रस्ता वेगळा असू शकतो, म्हणून तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी करा.’

चार दिवसांचे कागद मी तक्रारीला जोडले. आठवड्याने अकराचा तास सुरळीत झाला.

आकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे हजार किलोमीटर जाऊन येण्यास १० मिलिसेकंद. घराशेजारच्या पत्त्यासाठी रोज दोनशेहून अधिक लागू लागले, तर पाकीट बहुधा समुद्र ओलांडून येत आहे. आणि खरोखरच तसे होत असे! १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुले केले. पुढे कंपन्या वाढल्या, पण त्यांची आपसांत गाठ नव्हती. त्यामुळे एका कंपनीच्या गिऱ्हाइकाचे पत्र त्याच गावातल्या दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला पोचताना अमेरिकेची वारी करून येई, आणि त्या वारीचे भाडे परदेशी चलनात मोजावे लागे. देशातले टपाल देशातच बदलावे म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था निघाली. तिचे मुंबईचे देवघेवीचे ठाणे आमच्या वाशीला झाले.

समुद्राचे ऋण मात्र फिटलेले नाही. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या आणि मुंबईपर्यंत जाळे मंदावले. तेव्हा पाकिटे पूर्वेकडून, सिंगापूरच्या वाटेने, वळसा घालून गेली. १८७० साली तार ज्या सुवेझच्या वाटेने आली, तिच्याच आसपासची ही जागा.

ऐरोली-महाप्याच्या खिडक्या नसलेल्या इमारतींतून आज आपली पत्रे, पैसे, मुलांचे धडे अहोरात्र वाहत आहेत. निरोप अडला की आपण नशिबाला बोल लावतो, नाही तर सांगणाऱ्याचे मुकाट्याने ऐकून घेतो. पेशव्यांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याला विचारता येते, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळते. ज्याचे तास बुडतात, त्याने तरी ते विचारल्याशिवाय राहू नये.