अँजिओटेन्सिन : एका संप्रेरकाच्या शोधाचा व नामकरणाचा इतिहास

प्रस्तावना :
रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की रक्तप्रवाहास होणारा विरोध वाढतो व रक्तदाब चढतो. हे आकुंचन घडवून आणणाऱ्या पेप्टाइड संप्रेरकांमध्ये अँजिओटेन्सिनचे स्थान महत्त्वाचे आहे. मात्र त्याच्या शोधाचा इतिहास सरळ रेषेत घडलेला नाही. विस्मरण, समांतर शोध व सामंजस्य असे त्याचे तीन टप्पे दिसून येतात. प्रस्तुत लेखात त्यांचा आढावा घेतला आहे.

विस्मरणाचा काळ :
स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेड व त्यांचे विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या रक्तात सोडला असता रक्तदाब वाढल्याचे आढळले. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी या द्रव्यास 'रेनिन' असे नाव दिले. त्यानंतर सुमारे साडेतीन दशके हा शोध उपेक्षित राहिला. १९३४ साली हॅरी गोल्डब्लाट यांनी क्लीव्हलँड येथे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमन्या चिमट्याने आवळून टिकाऊ उच्च रक्तदाब निर्माण केला, तेव्हाच रेनिनकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष वेधले गेले.

समांतर शोध :
१९३९-४० च्या सुमारास ब्युनोस आयर्स येथे एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेझ व त्यांचे सहकारी आणि इंडियानापोलिस येथे आयर्विन पेज यांचा गट स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाप्रत आले. रेनिन स्वतः वाहिन्या आकुंचित करीत नाही. ते एक विकर असून रक्तातील प्रथिनापासून आकुंचनकारी द्रव्य मोकळे करते. अर्जेंटिनातील गटाने या द्रव्यास 'हायपरटेन्सिन', तर अमेरिकी गटाने 'अँजिओटोनिन' म्हटले. पुढे जवळजवळ दोन दशके एकाच द्रव्याची ही दोन नावे प्रचारात राहिली.

सामंजस्य व पुढील वाटचाल :
१९५८ साली ब्राउन-मेनेंदेझ व पेज यांनी संयुक्तपणे 'अँजिओटेन्सिन' हे नाव सुचविले. त्याचा पूर्वार्ध अमेरिकी, तर उत्तरार्ध अर्जेंटिनी नावातून घेतलेला आहे. जानेवारी १९५९ मध्ये ब्राउन-मेनेंदेझ यांचे विमान अपघातात निधन झाले. दरम्यान लेनर्ड स्केग्ज व सहकाऱ्यांनी दहा अमिनो आम्लांच्या निष्क्रिय रूपापासून आठ अमिनो आम्लांचे सक्रिय रूप तयार करणारे विकर दाखवून दिले होते. त्यास रोखणारे कॅप्टोप्रिल हे औषध १९८१ साली अमेरिकेत मान्य झाले. सक्रिय संप्रेरक ज्या ग्राहीला जोडले जाऊन वाहिनीच्या स्नायूस आकुंचित करते, त्या ए.टी.-१ ग्राहीच्या जनुकीय रचनेचा उलगडा १९९१ साली झाला; तोही दोन गटांनी स्वतंत्रपणे केला. हाच ग्राही अडविणारे लोसार्टन १९९५ साली अमेरिकेत वापरात आले.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, शोध लागणे व तो स्वीकारला जाणे या दोन भिन्न घटना आहेत. रेनिनला योग्य प्रश्नाची वाट पाहावी लागली. तसेच श्रेयाचा वाद विकोपास न नेता दोन गटांनी एका नावात परस्परांचे कार्य मान्य केले. विज्ञान शिकविताना शोधकर्त्याचे नाव व सन एवढ्यावरच न थांबता हा इतिहासही विद्यार्थ्यांसमोर मांडला जाणे आवश्यक आहे.