वहीतल्या चाली

आमचे थोरले आबा आंबेडकरी जलशात झील धरायचे. ढोलकी, तुणतुणं आणि झांज घेऊन पाच-सहा जण खंडाळ्याहून निघायचे, खंबाटकी पायी ओलांडून वाईच्या बाजूला जायचे. रात्रभर वग, पहाटे भाकरी, की पुढचं गाव. त्यांची वही माझ्याकडे आहे. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढे कुठल्यातरी गाण्याचे दोन शब्द. ती मूळ गाणी आता कोणाला ठाऊक नाहीत. शब्द राहिले, आवाज गेला.

हे दुःख मला नीट कळलं ते आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पाहताना. त्यांचा शाहीर मित्र विलास घोगरे त्यांच्याच 1985च्या 'हमारा शहर'मध्ये गायला होता. 11 जुलै 1997ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, संतापलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि 10 जण गेले. ते विलासला सोसलं नाही. चार दिवसांनी त्यानं आयुष्य संपवलं. जन्मभर डाव्या चळवळीत गायलेल्या या माणसानं अखेरच्या वेळी डोक्याला निळं कापड बांधलं होतं.

मित्रानं असं का केलं, याचा शोध घेत पटवर्धन चौदा वर्षं चित्रण करत राहिले. विलासचा आवाज त्यांच्या जुन्या रिळात होता, तिथूनच चित्रपट सुरू होतो. मग तो वस्त्यांत शिरतो, कोर्टातल्या तारखांमागे जातो आणि गाणाऱ्या माणसांपाशी पुन्हा पुन्हा थांबतो. शेवटाकडे पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण पोरं येतात. शीतल साठेचा आवाज लागला तेव्हा मी ताठ बसलो. आबांच्या फडातली फेक हीच असणार, असं वाटून गेलं.

आमच्या मुलखाला हे चळवळीचं गाणं परकं नाही. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच तालुक्यात, जोतीरावांचं मूळ गाव कटगुण खटावात. सत्यशोधक जलसे आमच्या सातारा जिल्ह्यानं उचलून धरले. पुढे वाळव्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर 1944ला लाल बावटा कलापथक उभं केलं. मोठी नावं छापली गेली. झीलकऱ्यांची नावं मात्र कोणी टिपली नाहीत, आणि ढोलकीवाल्याचा हात कसा पडायचा हे तर कुठेच नाही.

चित्रपट पाहिल्यावर आठवड्यानं वही घेऊन शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या आत्याकडे गेलो. लहानपणी ती जलसे ऐकायला मंडपाच्या कडेला बसायची. पहिल्या तीन गाण्यांना तिनं मान हलवली, आठवत नाही म्हणाली. चौथ्याचे शब्द मी वाचले, तशी ती थांब म्हणाली आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. मी मोबाइल तिच्यापुढे ठेवला. दोन कडव्यांवर तिला दम लागला. उरलेली दोन उद्या म्हणते, म्हणाली.