शिडाच्या जहाजावरील दोर आणि गाठी

शिडाचे जहाज वाऱ्याच्या बळावर चालते. पण त्या वाऱ्याला कामाला जुंपतात ते दोर. डोलकाठी उभी धरणे, शीड चढविणे व उतरविणे, वाऱ्याच्या दिशेनुसार ते फिरविणे, नांगर टाकणे, जहाज धक्क्याला बांधणे, ही सारी कामे दोरांवर आणि त्यांना मारलेल्या गाठींवर अवलंबून असतात. १७६५ साली जलावतरण झालेल्या ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर सुमारे ४२ किलोमीटर लांबीचे दोर होते, यावरून त्यांचे महत्त्व ध्यानात यावे.

दोराची घडण

दोर वळण्याची रीत प्राचीन काळापासून फारशी बदललेली नाही. तंतू एका दिशेने पिळून सूत तयार होते. अनेक सुते उलट दिशेने पिळली की पेड बनतो आणि तीन पेड पुन्हा मूळ दिशेने वळले की दोर सिद्ध होतो. प्रत्येक टप्प्यावर पीळ उलटा दिल्यामुळे एकाचा उलगडण्याचा कल दुसऱ्याचा पीळ अधिक घट्ट करतो. दोराची एकजूट राहते ती या परस्परविरोधी ताणामुळे. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण माणसाच्या स्वभावावर बेतलेली असली, तरी दोराच्या बाबतीतही ती खरी आहे.

पेड सलग ताणून वळावे लागत असल्याने युरोपातील दोरशाळा लांबलचक असत. इंग्लंडमधील चॅटम येथील जुन्या गोदीतील दोरशाळेची इमारत सुमारे ३४६ मीटर लांब असून तेथे आजही दोर वळले जातात.

तंतूंचे प्रकार

युरोपीय जहाजांवर दीर्घकाळ हेम्प या वनस्पतीच्या तंतूंचे दोर वापरले गेले. पाण्याने ते कुजू नयेत म्हणून त्यांना डांबर लावीत. एकोणिसाव्या शतकात फिलिपिन्समधील मनिला दोर लोकप्रिय झाला. केळीच्या कुळातील अबाका या झाडापासून मिळणारा हा तंतू खाऱ्या पाण्यात टिकतो आणि त्याला डांबराची गरज भासत नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र नारळाच्या सोडणापासून काढलेल्या काथ्याचे राज्य होते. काथ्याचा दोर हेम्पइतका बळकट नसला तरी तो हलका असतो, पाण्यावर तरंगतो, ताण सोसून लवतो आणि खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. विसाव्या शतकात नायलॉन व पॉलिस्टर आले. ताणल्यावर लांबणारे नायलॉन नांगरासाठी व जहाज बांधण्यासाठी, तर कमी ताणले जाणारे पॉलिस्टर शिडांच्या दोरांसाठी सोयीचे ठरले.

स्थिर आणि चल दोर

जहाजावरील दोरांचे दोन मुख्य वर्ग आहेत. डोलकाठीला पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर स्थिर असतात; ते एकदा बसविले की सहसा हलवीत नाहीत. शीड चढविणारे, त्याचा खालचा कोपरा ओढून धरणारे आणि आडव्या काठीला फिरविणारे दोर चल असतात. प्रत्येक दोराला स्वतंत्र नाव असते आणि तो बांधण्याची जागा ठरलेली असते. काळोख्या रात्री, वादळात, चुकीचा दोर सुटला तर शीड फाटू शकते किंवा वर चढलेला खलाशी खाली कोसळू शकतो. म्हणूनच नव्या खलाशाला सर्वांत आधी दोरांची ओळख करून घ्यावी लागे.

गाठींची पारख

मराठीत न सुटणाऱ्या गाठीला निरगाठ आणि ओढताच सुटणाऱ्या गाठीला सुरगाठ म्हणतात. जहाजावरील गाठ या दोहोंच्या मधली असावी लागते. ताण असेपर्यंत तिने हलू नये आणि ताण गेल्यावर ओल्या दोरातूनही ती हाताने सुटावी.

बोलाइन ही गाठ दोराच्या टोकाला न आवळणारा फास तयार करते. पाण्यात पडलेल्या माणसाच्या अंगाभोवती टाकला, तरी हा फास त्याला आवळत नाही. क्लोव्ह हिच खांबाला किंवा काठीला झटपट बांधता येते. मात्र ताण सारखा बदलत राहिला तर ती सरकते. शीट बेंड वेगवेगळ्या जाडीचे दोन दोर जोडते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी गाठ दोराचे टोक कप्पीतून निसटू देत नाही. रीफ गाठ शीड आटोपशीर गुंडाळून बांधण्यासाठी आहे. दोन दोर जोडण्यासाठी ती वापरणे घातक असल्याचा इशारा क्लिफर्ड अ‍ॅशली यांनी दिला होता. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ३,८०० हून अधिक नोंदी आहेत.

गाठ कोणतीही असली तरी तेथे दोर वाकतो आणि त्याची ताकद घटते. त्यामुळे कायमचा जोड हवा असेल तेथे दोन दोरांचे पेड उलगडून एकमेकांत विणतात. असा जोड गाठीपेक्षा पुष्कळच बळकट असतो.

गाठीतून आलेले वेगाचे माप

जहाजाचा वेग पूर्वी गाठी मारलेल्या दोरीने मोजीत. दोरीच्या टोकाला बांधलेली लाकडी फळी मागच्या बाजूने पाण्यात टाकून २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून सरकल्या, ते मोजले जाई. दोन गाठींतील अंतर सुमारे १४.४ मीटर असल्याने जेवढ्या गाठी, तेवढे सागरी मैल ताशी वेग, असा हिशेब बसे. ‘नॉट’ हे माप त्यातून आले. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ताशी हा अर्थ नॉटमध्येच सामावलेला असल्याने चक्रीवादळाच्या बातम्यांत आढळणारा ‘ताशी नॉट’ हा प्रयोग चुकीचा ठरतो.

गोव्याचा संबंध

नौदलाचे ‘आयएनएस तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज गोवा शिपयार्डमध्ये बांधले गेले आणि १९९७ साली नौदलात दाखल झाले. वाऱ्याशी आणि दोरांशी तरुण अधिकाऱ्यांचा प्रत्यक्ष परिचय व्हावा, हा अशा जहाजाचा हेतू असतो.

दोराचा त्याहूनही जुना उपयोग ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या जहाजात दिसतो. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून प्रेरणा घेऊन ते गोव्यात बांधण्यात आले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझ येथे अशीच शिवलेली जहाजे पाहिली होती आणि ती त्याला कमकुवत वाटली होती. प्रत्यक्षात शिवलेले सांधे लाटांच्या माऱ्याखाली थोडे लवतात, हा त्यांचा गुण आहे. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झालेले हे जहाज त्याच वर्षी २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघाले आणि मस्कतला पोहोचले.

त्या काळच्या जहाजाचा कोणताही आराखडा उपलब्ध नव्हता. हाती होते ते एक चित्र आणि दोरी ओढून टाका घट्ट करण्याची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हातोटी. चित्र भिंतीवर टिकून राहू शकते. हातोटी मात्र शिकविणारा आणि शिकणारा दोघे असतील तोवरच टिकते.